फेटा बांधून भागत नाही
आयएएस अधिकारी घडवणारी मसुरीची लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमी १९५९ साली सुरू झाली. आज तिथे केरळचा डॉक्टर, बिहारचा इंजिनिअर आणि नागालँडची वकील एकाच वर्गात बसतात, हिमालयात ट्रेकला जातात, एकमेकांचे पोशाख आणि पदार्थ हौसेने करून बघतात. छानच आहे! पण फेटा बांधून फोटो काढला म्हणजे माणसं कळली, असं थोडंच आहे? खरा कस लागतो तो केडर, म्हणजे नेमणुकीचं राज्य, मिळाल्यावर, जिल्हा प्रशिक्षणात. महाराष्ट्रात आलेल्या परराज्यातल्या अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते, सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि फेरफाराची नोंद समजून घ्यावी लागते. समोर बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ एकदमच बोलत असतात, आणि तलाठ्याच्या ‘होय साहेब’मध्ये होकार किती नि टाळाटाळ किती, हेही ओळखायचं असतं. खासगी कंपन्या मात्र परमुलखातली माणसं समजून घेण्याचा हाच विषय हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत, जेवणासकट, उरकतात. त्यांना एकच सांगणं: परराज्यातून, परदेशातून आलेल्या साहेबाला खुर्ची देण्याआधी निदान महिनाभर इथल्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करायला लावा.