वाइनचा रस्ता आणि द्राक्षाचा भाव

जानेवारी ते मार्च हे तीन महिने नाशिक जिल्ह्यात द्राक्षतोडणीचे असतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतून खाण्याच्या द्राक्षांनी भरलेल्या मालमोटारी याच दिवसांत बाहेर पडतात, आणि त्याच रस्त्यांवर शनिवार-रविवारी दुसरी एक वाहतूक उलट्या दिशेने आत येत असते. ती असते मुंबई-पुण्याच्या मोटारींची. त्यांतील बहुतेक मोटारींत कुटुंबे वा मित्रमंडळी असतात. परंतु अलीकडे या गर्दीत एकटा प्रवासीही दिसू लागला आहे. स्वतःची मोटार स्वतः हाकीत इगतपुरीजवळच्या संजेगाव-कावनई भागातून तो गंगापूर धरणाकडे येतो, तेथून दिंडोरी व पुढे विंचूरपर्यंत जातो. वाटेत चार-पाच वायनऱ्या पाहून, चाखून, दोन-तीन दिवसांत घरी परततो.

ही सहल वरवर पाहता केवळ खाजगी हौसेची बाब वाटते. वस्तुतः ती तशी नाही. ज्या रस्त्याने हा प्रवासी येतो तो सार्वजनिक निधीतून झालेला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकराला कसारा घाट टाळून येण्याची सोय झाली. ज्या वायनरीत तो उतरतो ती करसवलतींच्या आधाराने उभी राहिलेली आहे. आणि जो पेला तो उचलतो त्यातील द्राक्ष अनेकदा कोणा बागायतदाराने कराराने पिकवून दिलेले असते. रस्ता, सवलत आणि करार या तिन्हींत समाजाचा संबंध येत असल्यामुळे या सहलीचा जमाखर्च मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

सवलतींचा इतिहास

महाराष्ट्रात वाइनचा आधुनिक उद्योग नाशिकमध्ये सुरू झाला असा एक समज आहे. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात नारायणगावच्या परिसरात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने हा प्रयोग केला होता. नाशिकला खरी गती मिळाली ती पुढे. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणालगत वाइनच्या जातींची लागवड केली व २००० साली त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, उत्पादनशुल्कात सूट दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइनसाठी औद्योगिक उद्याने उभारली. २००९ पासून आणखी एक योजना आली. वाइनवर २० टक्के मूल्यवर्धित कर आकारायचा व त्यातील १६ टक्के उत्पादकास परत करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. मध्यंतरी खंडित झालेली ही योजना २०२४ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने आणखी पाच वर्षांसाठी मान्य केली.

या सवलतींमागील युक्तिवाद चुकीचा नव्हता. द्राक्ष हे नाशवंत फळ आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी, थंडी पडली की भुरी, तोडणीच्या तोंडावर गारपीट, या संकटांतून वाचलेला मालही एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव कोसळतो. अशा पिकाला प्रक्रियेचा पर्याय मिळाला तर बागायतदाराची जोखीम कमी होईल, असे धोरणकर्त्यांचे म्हणणे होते. मात्र एक गोष्ट त्यांनी पुरेशी स्पष्ट केली नाही. खाण्याच्या थॉमसनच्या द्राक्षांची चांगली वाइन होत नाही. तिच्यासाठी शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने अशा जातींची स्वतंत्र बाग लावावी लागते. त्यांचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे असतात. त्यांना खाण्याच्या द्राक्षाच्या बाजारात गिऱ्हाईक नाही. म्हणजे वायनरीने माल उचलला नाही तर शेतकऱ्यापुढे दुसरे दार उरत नाही. जोखीम कमी करण्यासाठी आखलेल्या धोरणाने एका अर्थाने ती एकाच खरेदीदाराच्या हाती एकवटली.

हे केवळ तर्काने काढलेले अनुमान नव्हे. २००८ ची जागतिक मंदी व त्याच वर्षी मुंबईवर झालेला हल्ला यांनंतर हॉटेलांतील मागणी ओसरली आणि वायनऱ्यांकडे साठे पडून राहिले. अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या, कराराची द्राक्षे काही ठिकाणी उचललीच गेली नाहीत आणि बागायतदारांनी वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची वाट धरली. द्राक्षाची बाग उभी करण्यास मांडव, तारा, ठिबक व खुंटरोपे यांवर मोठे भांडवल घालावे लागते व तीन वर्षे थांबावे लागते. हा खर्च ज्याने सोसला त्याला भरपाई देणारी यंत्रणा त्या वेळी नव्हती. आजही नाही.

चाखणीचा हिशेब

पर्यटन आले ते या मंदीच्या आगेमागे. ‘सुला’ने २००५ साली चाखणीगृह सुरू केले आणि इतरांनी तोच मार्ग अनुसरला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा मार्ग शहाणपणाचा आहे. भारतात वाइनचा खप अत्यल्प आहे. दरडोई हिशेब केला तर तो वर्षाकाठी एका पेल्याइतकाही भरत नाही. दुकानात विकली जाणारी बाटली वितरक, किरकोळ विक्रेता आणि प्रत्येक राज्याचा वेगळा कर यांच्या हातून जाते. वायनरीच्या दारात विकलेल्या बाटलीवर मध्यस्थाचा नफा वाचतो, आणि खोली, भोजन, चाखणी यांचे उत्पन्न वेगळेच. त्यातून गिऱ्हाइकाला चव लागते ती निराळी. फ्रान्समध्ये अल्सासचा १७० किलोमीटरचा वाइनमार्ग १९५३ साली आखला गेला, दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशचा मार्ग १९७१ साली. तेव्हा नाशिकने काही अघटित केले असे म्हणता येणार नाही.

परंतु त्या देशांनी वाइनमार्गाबरोबर जी दुसरी गोष्ट हळूहळू उभी केली, तिचा येथे विसर पडला आहे. ती म्हणजे मोटार न हाकता फिरण्याची सोय. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात १९८९ पासून वाइनची आगगाडी आहे, तर दक्षिण आफ्रिकेतील फ्रान्सहूक येथे २०१२ पासून ट्रामची सोय आहे. नाशिकच्या वायनऱ्या मात्र एकमेकींपासून दूर, गावरस्त्यांवर विखुरलेल्या आहेत, आणि त्यांना जोडणारी सोयीची सार्वजनिक वाहतूक नाही. परिणामी येथील वाइन पर्यटन पूर्णतः मोटारीवर आधारलेले आहे. एकटा प्रवासी तर स्वतःच चालक असतो.

यातील धोका आकड्यांत मांडता येतो. एका चाखणीत पाच प्रकारच्या वाइन, प्रत्येकी ४० मिलिलिटर धरल्या, तर एकूण २०० मिलिलिटर होतात. साडेबारा टक्के तीव्रतेच्या हिशेबाने त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. ७० किलो वजनाचा पुरुष ही एक चाखणी थोड्या वेळात संपवील तर ती मर्यादा तो एकाच वायनरीत ओलांडू शकतो. कमी वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ती आणखी लवकर ओलांडली जाते. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणजे चार वायनऱ्यांची एकट्याची मोटारसहल ही कायद्यात राहून करावयाची असेल, तर त्याने प्रत्येक घोट थुंकून टाकावा, नाहीतर केवळ द्राक्षवेली पाहून समाधान मानावे. जाणकार परीक्षक घोट थुंकतातही, परंतु पैसे मोजून आलेला हौशी प्रवासी ते करील ही अपेक्षा भाबडी आहे.

येथे शासनाच्या धोरणातील विसंगती स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तो रस्त्यावरील अपघातांमुळेच. पुढे लहान गावांपुरते ते अंतर २२० मीटर करण्यात आले. परंतु मुद्दा अंतराचा नव्हता, चालकाचा होता. ज्या पर्यटनाचे स्वरूपच मद्याकडे मोटारीने जाण्याचे आहे, त्याला उत्तेजन देताना चालकाचा विचार न करणे हे त्या आदेशाच्या हेतूशी कसे सुसंगत ठरते? या रस्त्यांवर केवळ मुंबईचे पर्यटक नसतात. पेठ, सुरगाण्याहून छाटणी-तोडणीच्या कामास येणारे आदिवासी मजूर संध्याकाळी याच रस्त्यांच्या कडेने पायी किंवा जीपच्या टपावरून घरी जात असतात. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो हाच. सौद्याचा लाभ दोघांना होतो आणि किंमत तिसरा मोजतो.

वाद कशाचा झाला, कशाचा नाही

२७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे सर्वांना आठवत असेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षाने रान उठवले, समर्थकांनी शेतकऱ्याच्या हिताचा दाखला दिला, आणि निर्णय अमलात आलाच नाही. घटनेच्या ४७ व्या कलमाचे स्मरण दोन्ही बाजूंनी सोयीप्रमाणे केले. परंतु त्या साऱ्या वादात शेतकऱ्याला किलोमागे काय मिळते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात. बाटलीच्या छापील किमतीत त्या सव्वा किलोचा वाटा किती, हे कोणत्याही वायनरीच्या दारावर लिहिलेले नसते.

या संदर्भात उसाचे उदाहरण बोधप्रद आहे. साखरधंद्याविषयी कितीही तक्रारी असल्या, तरी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशामुळे कारखान्याने द्यावयाचा किमान भाव ठरलेला असतो आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधनही असते. ते अनेकदा मोडले जाते हे खरे. परंतु बंधन आहे म्हणूनच मोडल्याची दाद मागता येते, मोर्चा काढता येतो. वाइनच्या द्राक्षाला असे काहीच संरक्षण नाही. ज्या उद्योगाला शासन २० पैकी १६ टक्के कर परत करते, त्या उद्योगाकडून एवढी साधी अट मागण्याचा अधिकार शासनाला आहे. करपरतावा हवा असेल तर बागायतदाराशी लेखी करार, छाटणीपूर्वी ठरलेला किमान भाव आणि ठरावीक मुदतीत चुकते केलेले पैसे, यांचा पुरावा सादर करावा, असे ठरवण्यास नव्या कायद्याची गरज नाही. सवलतीच्या आदेशात चार ओळी पुरेशा आहेत.

दुसरी अट वाहतुकीची. तोडणीच्या हंगामात शुक्रवार ते रविवार नाशिकरोड स्थानकावरून गंगापूर, दिंडोरी व विंचूर अशा फेऱ्या एस. टी. महामंडळाने चालवाव्यात आणि त्यांचा खर्च वायनऱ्यांनी उचलावा. एकट्या प्रवाशालाही हे स्वस्त पडेल, कारण खोलीचे पूर्ण भाडे आणि टॅक्सीचे पूर्ण भाडे हा त्याच्या सहलीवरचा आजचा सर्वांत मोठा दंड आहे. मोटारीने येणाऱ्यास चाखणी बाटलीत भरून घरी नेण्याची मुभाही द्यावी.

तिसरी गोष्ट गावाची. मद्यावरील शुल्क व कर राज्याच्या तिजोरीत जातात. गर्दी, कचरा, सांडपाणी आणि गावरस्त्याची दुरवस्था ग्रामपंचायतीच्या वाट्याला येते. ज्या राज्यात स्त्रियांना मतदानाने ‘आडवी बाटली’ करून गावातले दारूचे दुकान बंद करण्याचा हक्क आहे, त्या राज्यात वायनरीच्या विस्ताराबाबत गावाला विचारलेच जाऊ नये, हे विपरीत आहे. पर्यटनाच्या उत्पन्नाचा काही अंश ग्रामपंचायतीला थेट मिळाला, तर गावाची संमती ही नाइलाजाची राहणार नाही.

या सूचनांवर दोन बाजूंनी आक्षेप येतील. मद्यविरोधक म्हणतील की अटी घालून शासन व्यसनालाच प्रतिष्ठा देत आहे. ही प्रतिष्ठा करसवलतीने पूर्वीच दिली गेली आहे, आणि विनाअट दिलेली प्रतिष्ठा अधिक घातक असते. उद्योजक म्हणतील की आयात वाइनची स्पर्धा तोंडावर असताना हा बोजा नको. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार २९ डिसेंबर २०२२ पासून तेथील महाग वाइनवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत आहे, हे खरेच आहे. परंतु त्या स्पर्धेत नाशिकची वाइन केवळ स्वस्त राहून टिकणार नाही. चांगली वाइन चांगल्या द्राक्षापासून होते, आणि चांगल्या द्राक्षासाठी वेलीवरचे घड मुद्दाम विरळ ठेवून एकरी उत्पन्न कमी घ्यावे लागते. पुढच्या वर्षी भाव मिळेल की नाही याची खात्री नसलेला बागायतदार ते करणार नाही. त्याला दिलेले संरक्षण हा उद्योगावरचा बोजा नसून उद्योगातली गुंतवणूक आहे.

२०२७ साली नाशिकला सिंहस्थ आहे. त्या निमित्ताने रस्ते रुंद होत आहेत, हॉटेले वाढत आहेत, आणि भाविकांची गर्दी ओसरल्यावर हीच व्यवस्था पर्यटकांसाठी शिल्लक राहणार आहे. रस्ता झाल्यावर वाहतुकीचे नियम शोधण्याची आणि बाग तोडल्यावर भावाची चौकशी करण्याची आपली जुनी सवय यावेळी मोडता आली, तर द्राक्षाच्या जिल्ह्यातून एकट्याने केलेला प्रवास हा प्रवाशाला जितका सुखाचा होईल, तितकाच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यालाही निर्धोक होईल.