आयुष्मान कार्डावर दातांचे इम्प्लांट बसवता येते का?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेची व्याप्ती २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाढली. योजना लागू असलेल्या राज्यांत ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. साहजिकच आपल्या मनात येईल, की मग पडलेल्या दातांचे इम्प्लांटही याच कार्डावर होईल का? पैसे भरण्याआधी हे वाचा.

आधी हाड का भरावे लागते?
इम्प्लांट हा जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू असतो. वरच्या दाढा पडून बरीच वर्षे झाली, की तिथले हाड झिजते आणि त्यावरची सायनसची पोकळी खाली सरकते. स्क्रूला पकड मिळत नाही. म्हणून सायनसचे नाजूक अस्तर वर उचलून खाली हाडाची भर घालतात. ही भर आपल्याच शरीरातील, प्राण्यांच्या हाडापासून बनवलेली किंवा कृत्रिम असते. ती पक्की व्हायला बहुधा चार ते नऊ महिने लागतात. तंबाखू, बिडी-सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे ती फसण्याचा धोका वाढतो.

कार्ड काय देते?
ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. झिजलेले दात, हिरड्यांचे आजार, रूट कॅनाल आणि इम्प्लांट यांना ती लागू नाही. त्यामुळे इम्प्लांटसाठी हाड भरण्याचा खर्चही आपल्यालाच करावा लागेल. अपघाती इजा, गाठ किंवा कर्करोग यांमुळे जबड्याच्या हाडावर दाखल होऊन उपचार करावे लागले, तर मात्र ते योजनेत बसू शकतात. वयाची अट बदलली म्हणून उपचारांची यादी बदलली, असे समजू नका.

मग पर्याय कोणता?
आपले वय ६० किंवा अधिक असेल आणि आपण दारिद्र्यरेषेखालील असाल किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल, तर राष्ट्रीय वयोश्री योजना पाहा. तिच्या मोफत साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांसोबत कवळीही आहे. कवळीसाठी सहसा हाड भरावे लागत नाही. इम्प्लांटच हवे असेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात दर विचारा.

पैसे भरण्याआधी विचारा
• मला हाड भरण्याची गरज खरोखर आहे का? स्कॅन दाखवाल का?
• हाड, स्क्रू आणि वरचा दात यांचा एकूण खर्च किती? लेखी द्याल का?
• कवळीने माझे काम भागेल का?

"कार्डात बसवून देतो" असे सांगून कोणी कार्ड किंवा अंगठा मागितला, तर देऊ नका. दुसऱ्याच उपचाराच्या नावाने रक्कम वळती झाली, तर खऱ्या आजारपणात ती कमी पडेल. शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्या.