पोटगी : उपकार की देणे?

‘पोटगी’ हा शब्द मुळात पोटाशी जोडलेला आहे. पोटापुरते अन्न, अंगापुरते वस्त्र आणि डोक्यावर छप्पर, याहून अधिक काही त्यात अभिप्रेत नसते. घटस्फोटानंतर स्त्रीला मिळणाऱ्या रकमेकडे आपला समाज आजही याच दृष्टीने पाहतो. संसार मोडला, बाई निराधार झाली, तेव्हा तिच्या मुखी चार घास पडावेत म्हणून पूर्वीच्या पतीने काही द्यावे. आणि तिने ते मुकाट्याने, शक्य तर थोडे ओशाळूनच, स्वीकारावे! देणाऱ्याला तो दंड वाटतो, घेणारीला भीक वाटते आणि पाहणाऱ्यांना तो उपकार वाटतो. कायद्याने या समजुतीपासून हळूहळू फारकत घेतली आहे. समाजाने मात्र घेतलेली नाही, हेच या प्रश्नाचे खरे दुखणे आहे.

कायद्याचा प्रवासही काही सरळ झाला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ आले, त्यामागे स्त्रीच्या हक्काची चाड होती असे म्हणवत नाही. टाकलेल्या बायका-मुलांची उपासमार होऊन ती रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच सरकारचा हेतू होता. रकमेवर कमाल मर्यादा होती आणि ती १९५५ साली दरमहा पाचशे रुपये झाली. १९७३ ची नवी संहिता आली, कलमाचा क्रमांक १२५ झाला, आणि घटस्फोटित स्त्रीचाही ‘पत्नी’ या संज्ञेत समावेश झाला. ही सुधारणा मोठीच होती. परंतु पाचशेची मर्यादा जागची हलली नाही. काही राज्यांनी आपल्यापुरती ती वाढविली. केंद्रीय कायद्यातून मात्र ती जायला २००१ साल उजाडावे लागले. सेहेचाळीस वर्षांत धान्याचे, भाड्याचे आणि शिक्षणाचे दर कुठल्या कुठे गेले. कायद्याच्या लेखी परित्यक्तेचे पोट मात्र होते तेवढेच राहिले.

या काळातील सर्वांत गाजलेले प्रकरण इंदूरच्या शाहबानो यांचे. १९३२ साली त्यांचे लग्न झाले, १९७५ साली त्यांना घराबाहेर काढण्यात आले आणि १९७८ साली तलाक देण्यात आला. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचे मोल दंडाधिकाऱ्यांनी ठरविले दरमहा पंचवीस रुपये. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैशांवर नेले. पती व्यवसायाने वकील होते. १९८५ च्या एप्रिलमध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि देशभर वादळ उठले. त्या वादळात १९८६ चा कायदा आला. धर्म, राजकारण आणि अस्मिता यांवर रणे माजली. या साऱ्या धुरळ्यात १७९ रुपये २० पैशांत एका वृद्ध स्त्रीने महिना कसा काढावा, हा साधा प्रश्न कोणाच्या लक्षात राहिला नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ स्त्रीला अनुकूल असा लावला. जुलै २०२४ मध्ये तर, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चाही आधार घेता येतो, असे नि:संदिग्धपणे सांगितले. हे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने नांदते आहे.

हिंदू विवाह कायद्याने १९५५ सालीच याहून व्यापक वाट दाखविली होती. दावा चालू असताना कलम २४ खाली आणि निकालाच्या वेळी वा नंतर कलम २५ खाली पोटगी मागता येते. ती दरमहा मिळू शकते किंवा एकरकमी. आणि आवश्यक वाटल्यास न्यायालय देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर तिचा बोजाही ठेवू शकते. विशेष म्हणजे हा हक्क पती-पत्नी दोघांनाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ साली, शिक्षिका असलेल्या स्त्रीने पूर्वीच्या पतीला दरमहा तीन हजार रुपये द्यावेत, हा नांदेडच्या न्यायालयाचा अंतरिम आदेश कायम केला, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. वास्तविक त्यात नवल काहीच नव्हते. ज्याची कुवत आहे त्याने, ज्याची नाही त्याला सावरावे, हेच कायद्याचे सूत्र आहे.

मग अडते कोठे? अडते ते आकड्यापाशी आणि वसुलीपाशी. पोटगीचा अर्ज दाखल होताच पगारदाराचा पगार आटतो, व्यापाऱ्याचा धंदा बुडीत निघतो आणि शेती भावाच्या नावावर असल्याचे उघडकीस येते! उलट बाजूनेही आपली नोकरी लपविणाऱ्या आणि खर्च फुगविणाऱ्या स्त्रिया नाहीत असे नाही. या लपंडावाला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात, दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरवून दिले. ते प्रकरण २०१३ पासून चालले होते आणि वाद होता तो केवळ अंतरिम पोटगीचा. तातडीची मदत सात-सात वर्षे वादात राहत असेल, तर तिला तातडीची म्हणायचे कशाला?

हुकूम झाला तरी पैसा हाती पडतोच असे नाही. रक्कम थकली की स्त्रीने पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा वकील द्यायचा, पुन्हा तारखा मोजायच्या. थकबाकीसाठी वॉरंट हवे असेल तर तेही रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागावे लागते. अजाण स्त्रीचा हक्क या फटीतून निसटतो. तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे. तरीही ‘महिनाभर आत जाईन, पण दमडी देणार नाही’ अशी फुशारकी मारणारे महाभाग आहेतच. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी वेतनाचा एक-तृतीयांश भाग सोडून उरलेल्यावर जप्ती आणता येते. हे हत्यार कायद्याच्या म्यानात गंजत का पडावे?

यावर नेहमीचा आक्षेप असा की, शिकलेल्या, धडधाकट स्त्रीला आयते पैसे कशासाठी? आक्षेप अगदीच निराधार नाही. जी स्वतः चांगले कमावते तिला न्यायालये पोटगी नाकारतात किंवा कमी देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे यांत फरक आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पंचविसाव्या वर्षी नोकरी सोडून मुले वाढविणाऱ्या, सासू-सासऱ्यांचे आजारपण काढणाऱ्या स्त्रीला चाळिसाव्या वर्षी ‘तुझी पदवी आहे, कमव’ असे सांगणे म्हणजे पंधरा वर्षे शून्यात लोटणे होय. तिने घर सांभाळले म्हणून पतीला बदली स्वीकारता आली, बढती घेता आली, धंदा वाढविता आला. त्या मिळकतीत तिचे श्रम मिसळलेले आहेत. ते परत देणे हा उपकार कसा ठरतो?

येथे गोव्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तेथील दिवाणी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक समजली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. व्यवहारात तेथेही अडचणी आहेत. पण स्त्री तेथे वाटेकरी म्हणून उभी राहते. उर्वरित देशात पतीच्या नावे घेतलेल्या घरावर पत्नीची मालकी नसते. २०१० साली मांडलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी पतीच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद होती. राज्यसभेने २०१३ साली ते संमत केले. पुढे लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. त्यानंतर ते पुन्हा उभे राहिले नाही.

ते उभे राहिले पाहिजे. संसारात जमलेल्या मालमत्तेची रीतसर वाटणी झाली, तर आजन्म पोटगीचे कित्येक तंटे मुळातच उद्भवणार नाहीत आणि पतीवरचा ‘कायमचा भुर्दंड’ही टळेल. जेथे मासिक पोटगी अपरिहार्य आहे, तेथे ती वेतनातून परस्पर कापून स्त्रीच्या खात्यात जमा व्हावी. महागाईबरोबर ती आपोआप वाढावी. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा पन्नास हजार रुपये ठरविताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ जोडून दिली, तो पायंडा सर्वत्र पडावा. मुलांच्या पोटगीपुरते तरी शासनाने आधी पैसे द्यावेत आणि मागाहून ते चुकार बापाकडून वसूल करावेत. जर्मनीत ही पद्धत १९८० पासून आहे.

विवाह मोडणे ही दुःखद गोष्ट खरी. पण भागीदारी मोडली म्हणून कोणी भागीदाराचे भांडवल बुडवीत नाही. व्यापारात जो हिशेब बिनबोभाट होतो, तो संसारात मागितला की स्त्री लोभी ठरते. ही दुटप्पी नीती जोवर सुटत नाही, तोवर कायद्याची कलमे कितीही बदलली तरी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या स्त्रीच्या ओंजळीत पोटापुरतेच पडत राहील, आणि तेही मागून मागून.