परसातला आड पुन्हा उघडताना

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं आपण येता-जाता म्हणतो. पण मैत्रिणींनो, आपल्या परसातला खराखुरा आड किती जणींनी अलीकडे उघडून पाहिलाय? जुन्या वाड्यांतून बहुधा तो फरशी टाकून बंद केलेला असतो आणि वर तुळशीची कुंडी ठेवलेली असते. उन्हाळा जवळ आला की हमखास विचारणा होते, "आमचा बंद आड साफ करून घ्यावा का?" जरूर घ्यावा. पण घाईनं नव्हे. का, ते आमच्या माजलगावच्या घरी काय घडलं त्यावरून सांगते.

सिंदफणेवरचं माजलगाव धरण १९८७ साली पूर्ण झालं. पुढे घरात नळ आले आणि आमचा आड मागे पडला. आधी रहाट गेला, मग दोर गेला. नंतर निर्माल्य, नारळाच्या करवंट्या, फुटक्या बांगड्या, औषधाच्या बाटल्या, जे नको ते सगळं आडात जाऊ लागलं. शेवटी वास यायला लागला म्हणून त्यावर फरशी बसली. मग २०१६ चा उन्हाळा आला. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस. आमच्याकडे तर धरण उशाला अन् कोरड घशाला! टँकरची वाट पाहून कंटाळले आणि मी आड उघडायचं काढलं.

आत्याबाई म्हणाल्या, "कशाला उकरून काढायलीस गं ते? घरात लेकरं आहेत." मग थोड्या वेळानं आपणच म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात साऱ्या गल्लीनं ह्याच आडाचं पाणी नेलं होतं." तोच होकार समजून मी माणूस बोलावला.

माणूस अनुभवी. वीसेक विहिरी उतरलेला. फरशी सरकवली, कमरेला दोर बांधला आणि निघाला की आत! आत्याबाई एकदम ओरडल्या, "आधी कंदील सोड!" तो हसला, पण वडीलधाऱ्या बाईचं मन मोडायचं नाही म्हणून कंदील पेटवून दोरानं खाली सोडला. सात-आठ हात खाली गेला आणि ज्योत मिणमिणली, मग विझली. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. कोणी काही बोललं नाही. त्यानं कमरेचा दोर सोडला आणि कठड्यापासून दूर जाऊन बसला. घरी त्याची दोन लहान मुलं होती.

बंद आडात पालापाचोळा कुजतो, त्यातून वायू निघतात आणि ते तळाशी साठून राहतात. प्राणवायू उरत नाही. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच विहिरीत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच. म्हणून ज्योत विझली तर कोणीही उतरायचं नाही. पण ज्योत राहिली म्हणजे धोका टळला, असंही नाही. काही विषारी वायू ज्योतीनं कळत नाहीत, आणि काही तर ज्योतीनं भडकतात. आज वायू मोजायचं यंत्र मिळतं. नगरपालिकेच्या अग्निशामक दलाकडे चौकशी करा. यंत्र नसेल तर माणूस उतरवूच नका.

आम्ही तेच केलं. आड आठवडाभर उघडा ठेवला, सभोवती काट्या लावून. वरूनच गळ टाकून मोठा कचरा काढला. दोरानं सोडलेल्या विजेच्या पंपानं घाण पाणी उपसलं. पाणी पुन्हा झिरपलं की पुन्हा उपसलं, असं पाच वेळा केलं. डिझेलचं इंजिन आत कधीही उतरवू नये, त्याचा धूर जीव घेतो. विजेचा पंप चालू असताना पाण्याला हातही लावू नये. हे काम वैशाखात काढावं, तेव्हा पाणी तळाला असतं.

आता औषधाचा हिशेब. आडाचा व्यास फुटांत मोजा. त्याला त्याच आकड्यानं गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, मग २२ नं गुणा. आलेला आकडा म्हणजे साधारण तितके लिटर पाणी. आमचा आड पाच फुटी, पाणी बारा फूट. म्हणजे ५ × ५ × १२ × २२, सुमारे ६,६०० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे आम्हाला सोळा-सतरा ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसेल. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. चुना आडात टाकू नका, पाणी जड होतं. तासभर पाणी काढू नका. साफसफाईनंतरचा पहिला डोस मात्र बराच कडक असतो आणि ते पाणी उपसून टाकायचं असतं. तो आरोग्य केंद्रातल्या माणसाला विचारूनच ठरवा. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फिनेल किंवा ॲसिडमध्ये कधी मिसळू नका.

एवढं करून आम्ही पाणी तपासायला दिलं. पिण्यालायक नाही, असं आलं! मन खट्टू झालं. कारण शोधलं तर संडासाचा शोषखड्डा आडापासून जेमतेम तीस फुटांवर. तो निदान पन्नास फूट तरी लांब हवा. म्हणून ते पाणी आम्ही धुणं, फरशी आणि झाडांसाठीच ठेवलं. तेवढ्यानंही टँकरचं निम्मं ओझं उतरलं. दिसायला काच असलं तरी पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका.

वर आता कुलपाची लोखंडी जाळी आणि बारीक मच्छरदाणीची जाळी आहे. कठडा कमरेइतका उंच केला. आत गप्पी मासे सोडले, ते डासांच्या अळ्या खातात. पावडर टाकायची वेळ आली की आधी त्यांना बादलीत काढून ठेवते.

बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीतल्या सलाबतखानानं बांधवलेली. लोक तिची आजही वाखाणणी करतात. आपला आड इतका मोठा नाही, पण नियम दोन्हीला एकच: पाणी उपसत राहिलं तरच ते चांगलं राहतं. म्हणून रोज चार पोहरे तरी काढा. आणि आड उघडायच्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवून घ्या. आमच्याकडे त्या दिवशी एक जीव वाचला, तो आत्याबाईंच्या एका हाकेनं.