गुपित टिकणार नव्हतेच

अणुबॉम्ब तयार व्हायच्या आधीच डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर ब्रिटन-अमेरिकेच्या सत्ताधाऱ्यांना बजावत होते की हे गुपित फार काळ टिकणार नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ आज ना उद्या तिथे पोहोचतील. म्हणून बॉम्ब वापरण्यापूर्वीच मॉस्कोला त्याची कल्पना द्या आणि संयुक्त नियंत्रणाची बोलणी सुरू करा, असे त्यांचे म्हणणे होते. बॉम्बची कृती देऊन टाका, असे ते म्हणत नव्हते.

१६ मे १९४४ रोजी ते चर्चिल यांना भेटले. बराच वेळ चर्चिल आणि त्यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांच्या आपसातल्या वादातच गेला. पत्र लिहिले तर चालेल का, असे बोर यांनी निघताना विचारले. जरूर लिहा, पण विषय राजकारणाचा नको, असे उत्तर मिळाले. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी त्यांचे म्हणणे आस्थेने ऐकून घेतले; पण सप्टेंबरमध्ये हाइड पार्क इथल्या रूझवेल्ट यांच्या घरी केलेल्या संयुक्त टिपणात दोन्ही नेत्यांनी प्रस्ताव फेटाळला, वर बोर यांच्याकडून रशियनांना काही कळत नाही ना, याची चौकशी करण्याचेही ठरवले. नाझींच्या हातून निसटून आलेल्या माणसावर हा संशय अन्यायाचा होता. माहिती फुटत होती ती लॉस अलामोस इथल्या बॉम्बच्या प्रयोगशाळेतील क्लाउस फुक्ससारख्यांकडून.

१९४८ मध्ये बोर यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांच्यापुढे आणखी व्यापक सूचना मांडली. माहिती आणि विचारांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी खुली करण्याची तयारी अमेरिकेने स्वतःहून जाहीर करावी. ती मानली गेली नाही. मॉस्को तयार होणार नाही, ही मुत्सद्द्यांच्या मनातली शंका पोकळ नव्हती. स्टालिन यांची राजवट बंदिस्तपणावरच उभी होती. दारे उघडणे तिला परवडणारे नव्हते. पण मॉस्कोने नकार दिला असता, तरी अमेरिकेचे काय बिघडणार होते? गप्प राहण्याची किंमत मात्र कोणी हिशेबात धरली नाही. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत चाचणी झाली आणि देऊ करण्यासारखे जे हाती होते, त्याचे मोल उतरले. जून १९५० मध्ये बोर यांनी हेच म्हणणे मांडणारे खुले पत्र संयुक्त राष्ट्रांना लिहिले. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले.

मर्यादित खुलेपणा वैऱ्यांमध्येही टिकतो, याचा दाखला आपल्याकडेच आहे. भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही हा शिरस्ता मोडला नाही. तो पुढे नेण्याचा प्रस्ताव दिल्लीने, समोरून काही येण्याची वाट न पाहता, मांडावा.