इंजेक्शनाआधी कान तपासा



माती परीक्षण पेरणीपूर्वी करावे, हे आपण जाणता. खत टाकून पीक उभे राहिल्यावर नमुना घेतला, तर मूळची जमीन कशी होती हे समजत नाही. काही औषधांच्या बाबतीत कानाचेही तसेच आहे. पहिल्या इंजेक्शनापूर्वी कान तपासलेला नसेल, तर पुढे ऐकणे किती कमी झाले हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

सोमाटण्याहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले की वाटेत पिंपरी लागते. तेथे १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. पेनिसिलिनबरोबर स्ट्रेप्टोमायसिनही तेथे तयार होऊ लागले. हे औषध मुळात मातीतले. १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतील जिवाणूपासून ते मिळवले आणि क्षयरोग बरा करणारे औषध हाती आले. डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारले जाई, त्यातही हेच असे.

या औषधाने असंख्य जीव वाचवले. परंतु काही रोग्यांचा तोल जातो, काहींना ऐकू येईनासे होते, हेही डॉक्टरांना फार लवकर दिसून आले. कॅनामायसिन, अमिकासिन व जेंटामायसिन ही त्याच घराण्यातील औषधे. कर्करोगावरील सिस्प्लॅटिननेही कानाला इजा होते.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यातील केसाळ पेशी आवाज टिपतात. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बारीक, उंच आवाज जातात. रातकिड्यांची किरकिर ऐकू येत नाही, पण माणसांचे बोलणे समजते, म्हणून रोग्याला काही बिघडले असे वाटतच नाही. बोलणे अस्पष्ट होते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. यंत्रावरची तपासणी मात्र हे आधीच दाखवते.

अशा तपासणीबाबत डॉक्टरांत दोन मते आढळतात. काहींचे म्हणणे असे, की जीव आधी, कान नंतर; गावाकडे यंत्र नाही म्हणून उपचार अडवू नयेत. दुसरे म्हणतात, की वेळेवर कळले तर औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, मग रोग्याला बहिरेपण का सोसायला लावावे? दोन्हींत तथ्य आहे. अमेरिकेतील श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली यातून वाट काढली. तातडीचे इंजेक्शन थांबवू नये, पण पहिली तपासणी ७२ तासांच्या आत उरकावी आणि उपचार चालू असताना ती पुन्हा पुन्हा करावी.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे ऐकणे २०१३ साली क्षयाच्या उपचारात कॅनामायसिनमुळे गेले. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या गोळीच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली. २०२३ साली भारतीय पेटंट कार्यालयाने तो वाढीव पेटंटचा अर्ज फेटाळला. त्याआधी २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिन वापरू नये, गोळ्यांना प्राधान्य द्यावे, असे सांगितले होते. तरीही या घराण्यातील काही औषधे गंभीर आजारांत लागतातच. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. इंजेक्शनांचा कोर्स सांगितला की डॉक्टरांना विचारावे, "याने कानाला धोका आहे काय? आधी तपासणी करता येईल काय?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

२. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा आईच्या माहेरी कोणी अशा औषधाने बहिरे झाले असल्यास ते आधीच सांगावे. हा दोष आईकडून मुलांत उतरतो.

३. कानात गुंई आवाज येणे, चक्कर येणे, अंधारात बांधावरून चालताना तोल जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी कळवावे.

४. कोर्स संपल्यावरही काही महिन्यांनी कान पुन्हा तपासावा. इजा मागाहूनही वाढते. या काळात मळणी यंत्राच्या गोंगाटापासून दूर राहावे.

५. गोठ्यातील जेंटामायसिनची बाटली माणसासाठी कधीही वापरू नये.

मावळातील मंडळींना तळेगाव दाभाडे येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे, पुण्यात ससून आहे. तेथील कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी.

शेवटी एक महत्त्वाचे. हे वाचून भीतीने कोणीही आपल्या मनाने औषध बंद करू नये. अर्धवट सोडलेला क्षय औषधांना जुमानत नाही आणि घरातल्या लेकराबाळांना गाठतो. औषध ठेवायचे की बदलायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. त्यांना वेळेवर सांगणे मात्र आपल्या हाती आहे.