स्विच नेमके काय करतो?

‘स्विच चालू केला की प्रवाह वाहतो.’ देखभालीच्या फायलींपासून डिजिटल ट्विनपर्यंत, म्हणजे यंत्राच्या संगणकातल्या प्रतिकृतीपर्यंत, हे वाक्य सर्रास आढळते, आणि ते चूक आहे. बॅटरी उतरली असेल किंवा पुढची तार तुटली असेल, तर स्विच शाबूत असूनही प्रवाह शून्य. स्विचपुरते खरे एवढेच, की चालू असताना त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक जवळजवळ राहत नाही. संशोधक योहान डी क्लीअर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९८४ मध्ये हे बजावून सांगितले होते: घटकाच्या वर्णनात अख्ख्या यंत्राचे कार्य गृहीत धरू नका. सगळे सुरळीत चालले आहे असे मानून केलेले वर्णन बिघाड शोधताना दगा देते. तार तुटते आणि बिघाड शोधणारी प्रणाली दोष देते स्विचला.

म्हणून कार्याची नोंदच करू नये का? तसे मुळीच नाही. सेंबुगमूर्ती आणि चंद्रशेखरन या संशोधकांनी १९८६ मध्ये कार्य स्वतंत्रपणे मांडून दाखवले. त्यांचे उदाहरण साध्या बझरचे. बटण दाबले की वेटोळ्यात चुंबकत्व येते, पट्टी खेचली जाते, संपर्क तुटतो, चुंबकत्व जाते, पट्टी परत येते, पुन्हा तेच. ‘आवाज करणे’ हे कार्य या साखळीतून कसे साधते, ते कडी-कडीने लिहिलेले. आवाज थांबला तर कोणती कडी तपासायची, हे त्याच नोंदीतून निघते. आमच्या मते यंत्रांच्या अशा नोंदींबाबतचा हा सर्वांत उपयोगी धडा आहे.

कार्य वापरावर ठरते. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीतला (ब्रूडर) साठ वॉटचा जुना बल्ब घ्या. त्याचे वर्तन घरातल्या बल्बसारखेच: बहुतेक विजेची उष्णता, थोडा उजेड. पण इथे त्याचे काम ऊब देण्याचे. नोंदीत ‘कार्य: उजेड’ असेल, तर बदली सुचवणारी प्रणाली बेलाशक एलईडी सुचवेल आणि पिल्ले गारठतील.

घटकाचे वर्तन वेगळे लिहिण्याचा फायदा प्रत्यक्षातही दिसला: १९९९ च्या मे महिन्यात डीप स्पेस १ या अंतराळयानावर लिव्हिंगस्टन या बिघाड शोधणाऱ्या प्रणालीने मुद्दाम घडवलेले बिघाड ओळखले. तिच्याकडे होती ती प्रत्येक घटकाच्या अवस्थांची प्रारूपे. उदाहरणार्थ, झडप उघडी, बंद, उघडी अडकलेली, बंद अडकलेली.

आज अशा नोंदी भाषा-प्रारूपांकडून लिहून घेतल्या जातात. ‘वर्तन’ आणि ‘कार्य’ यांचे रकाने तरी आपण वेगळे आखू या. वर्तनाच्या रकान्यात शेजारच्या घटकाचे नाव डोकावले, तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहावे.